पाचवा आला नाही तर

चि. स्क्वॉडप्रमुखास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. कॉलेजात असताना रोज रात्री व्हॅलोरंट हा पाच विरुद्ध पाचचा ऑनलाइन नेमबाजीचा गेम खेळणारी तुमची पाच जणांची टोळी आता आठवड्यातून एकदाही धड जमत नाही. ग्रुपवर 'आज कोण?' विचारलं की दोन अंगठे आणि एक 'बघतो' येतो. तुझं निदान असं की सगळ्यांचा इंटरेस्ट गेलाय, आणि उपाय असा की बक्षिसाच्या एखाद्या टूर्नामेंटला नाव टाकायचं.

निदान मला पटलेलं नाही. ज्याचा इंटरेस्ट खरंच गेला तो 'बघतो' म्हणत नाही, गुपचूप ग्रुप म्यूट करतो. 'बघतो' म्हणणाऱ्याला यायचं असतं, पण आल्यावर आपलं काय होणार याची धास्ती असते. तुझा नाशिककर घे. व्हॉइस मेसेजमध्ये त्याच्याबद्दल तू एकच वाक्य बोललास, 'तो तर आजकाल येतच नाही.' मला वाटतं तुमच्या टोळीचं सगळं दुखणं त्या वाक्यात आहे, म्हणून आधी त्याच्या खुर्चीत बसून बघू.

व्हॅलोरंटच्या रँक्ड मॅचमध्ये, म्हणजे जिच्या निकालावर रँक वर-खाली होते तिच्यात, एकटा, दोघं, तिघं किंवा पाच जण मिळून खेळता येतं. चौघांना येत नाही. हा नियम तुम्हाला पाठ आहे, पण त्याचा जाच कोणाला होतो याचा विचार केलायस का? रात्री दहाला तू, हिंजवडीवाली आणि म्युनिकवाला ऑनलाइन येता, चौथा म्हणून नाशिककर येतो. पाचवा येत नाही. मग लॉबीत ती अवघड शांतता. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेवटी नाशिककरच म्हणतो, 'तुम्ही खेळा रे तिघं, मी जरा रील्स बघतो.' आणि तुम्ही 'अरे नाही, नाही' म्हणत तिघांची मॅच लावता.

बरं, एखाद्या दिवशी तुमच्यातला कोणी गळाला आणि तो धरून तिघंच उरले, तरी त्याचा नंबर लागत नाही. तो सिल्व्हर रँकला, तुम्ही कितीतरी वरच्या डायमंडला. तिघांच्या पार्टीत एवढा फरक गेमलाच चालत नाही. पाच पूर्ण असतील तरच कुठल्याही रँकचा माणूस सोबत घेता येतो, मग जिंकल्याचे पॉइंट जरा कमी मिळाले तरी. म्हणजे नाशिककराच्या दृष्टीने हिशोब साधा आहे: बाकीचे चौघं आले तरच मला जागा आहे, नाहीतर जेवण आटोपून घाईघाईने लॅपटॉप उघडायचा तो तुमची मॅच संपेपर्यंत थांबण्यासाठी. असा माणूस दर वेळी हौसेने का येईल?

तेव्हा पहिलं काम हे की चौघं जमले तर रँकला हात लावायचा नाही, असं आधीच ठरवून टाक. अनरेटेड, म्हणजे रँकशिवायची मॅच खेळा, किंवा तिचाच छोटा प्रकार स्विफ्टप्ले. स्विफ्टप्लेत पाच राउंड जिंकले की झालं, साधारण पंधरा मिनिटांत मोकळे. 'चौघं असलो तर काय' याचं उत्तर लॉबीत शोधायला लागलं की ते नेहमी सगळ्यात कमकुवत माणसाच्या अंगावर येतं. अनरेटेडमध्ये पाचव्या जागी कोणीतरी अनोळखी येईल, हे खरं. तुमच्या हिंजवडीवालीचा आवाज ऐकला की हे रँडम लोक काय काय बोलतात ते तू मला मागे सांगितलं होतंस. तेव्हा त्या दिवशी गेमचा व्हॉइस बंद आणि डिस्कॉर्डवरचा आपापसातला कॉल चालू, हेही आधीच ठरलेलं असू दे. तिने दर वेळी विनंती करायची वेळ येऊ नये.

दुसरं, 'आज कोण?' हा प्रश्न कायमचा बंद कर. या प्रश्नाला कोणीच पहिला हो म्हणत नाही, कारण पहिल्या हो म्हणणाऱ्याला बाकीच्यांची वाट बघत बसावं लागतं. आपल्या सोसायटीतल्या बायकांची भिशी इतकी वर्षं चाललीये ती तारीख ठरलेली आहे म्हणून. कोणी 'या महिन्यात कोण कोण येतंय?' असं विचारत बसलं असतं तर दुसऱ्या महिन्यात बंद पडली असती. बुधवार आणि शनिवार, रात्री दहा. यायचं नसेल त्याने कळवायचं, येणाऱ्याने नाही. सुरुवातीला दोन-तीन आठवडे कंटाळवाणं वाटेल, तरी दिवस बदलू नकोस.

आता नाशिककर आला असं धरू. त्याला काय देणार? तुमच्याकडची रीत मला माहीत आहे, कारण सगळीकडे तीच आहे: 'तू सेज घे आणि मागे राहा.' म्हणजे बरं करणारं पात्र घे, आम्ही जखमी झालो तर बरं कर, बाकी मध्ये येऊ नकोस. सेज वाईट नाही, पण 'मागे राहा' हे ऐकून माणसाला कळायचं ते कळतं.

१९२०च्या दशकात ओटो क्योलर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बर्लिनच्या एका रोइंग क्लबमधल्या लोकांवर प्रयोग केला होता. आधी प्रत्येकाने एकट्याने, थकून हात गळेपर्यंत वजन उचलायचं. मग जोडीने, दुप्पट वजन. त्यात एकाने सोडलं की दोघांचं संपलं. जोडीतला कमकुवत माणूस एकटा असताना जेवढा टिकला होता त्याहून जास्त टिकला. आपल्यामुळे दुसऱ्याचं थांबेल, हे त्याला दिसत होतं. यातला पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दोघांच्या ताकदीत मध्यम फरक असेल तेव्हा हा परिणाम सगळ्यात जास्त दिसला. फरक नसेल किंवा फारच असेल तर कमी. म्हणजे अगदीच न झेपणारं काम दिलंस तर तो सोडून देईल, आणि असं काम दिलंस की जे झालं नाही तरी मॅचवर ओरखडा उठत नाही, तर तो रस्सीखेचीतल्यासारखी दोरी नुसती धरून उभा राहील. दोरीला माणसं वाढली की प्रत्येक जण आपल्या ताकदीपेक्षा कमी ओढतो, हे रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने त्याच्याही आधी मोजून ठेवलंय.

मधलं काम कुठलं, हे गेममध्येच शोधायला हवं. माझं मत विचारशील तर त्याला शत्रूची नजर अडवणारा धूर टाकायचं काम दे. त्यासाठी ब्रिमस्टोन हे पात्र शिकायला सोपं. मनगटावरचा नकाशा उघडायचा, जागांवर बोट ठेवायचं, धूर पडतो. निशाणा उत्तम असायची गरज नाही, वेळ साधायची गरज आहे. असेंट या नकाशावर ए साइटवर, म्हणजे बॉम्ब लावायच्या जागेत, शिरताना हेवन आणि ट्री या दोन ठिकाणी धूर पडला नाही तर आत जाणारा गेलाच समज. मग तू, डायमंडवाला, दाराशी उभा राहून त्याला विचारणार, 'टाकू का पाय?' आणि तो म्हणेल, 'थांब... थांब... जा.' हे 'जा' त्याच्या तोंडून यायला हवं. स्कोअरबोर्डवर तो तळाला असेल, असू दे. स्कोअरबोर्ड धूर मोजत नाही.

आमच्या हॉस्टेलवर २००४-०५च्या सुमारास काउंटर-स्ट्राइक १.६ हा असाच नेमबाजीचा गेम चालायचा, लॅनवर म्हणजे कॉम्प्युटर वायरने जोडून, एकाच खोलीत तीन आणि शेजारच्या खोलीत दोन. आमच्यातला एक जण नेमबाजीत यथातथाच होता. पण डस्ट टू या नकाशावर बी टनेलच्या तोंडाशी बसवला की बुटांच्या आवाजावरून किती जण येतायत ते तो बिनचूक सांगायचा. त्याला किल क्वचित मिळायचे आणि त्याच्याशिवाय आम्ही मॅच लावायचो नाही. परीक्षेच्या आदल्या रात्रीही त्याला उठवायला माणूस जायचा. (तो आज बँकेत शाखाधिकारी आहे आणि अजूनही दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत ऐकतो.)

पुढचा मुद्दा जरा नाजूक आहे, कारण तो तुझ्याबद्दल आहे. मागच्या दिवाळीत तुझ्या मागे बसून मी तुमच्या मॅच बघितल्या. तू मेल्यावर तुझं तोंड सुरू होतं. चौघं गेले, शेवटचा एक उरलाय, स्पाइक (बॉम्ब) लागलाय, आणि त्याच्या कानात एकाच वेळी 'डावीकडे! अरे डावीकडे! रिलोड नको! बॉक्सवर बघ ना!' त्याला शत्रूची पावलं ऐकायची असतात आणि ऐकू येतो तू. तो हरला की तू 'असू दे, असू दे' म्हणतोस खरा, पण त्याच्या आधी तोंडातून एक 'च्च' निघतं आणि माईक इतका चांगला घेतलायस की ते सगळ्यांना ऐकू जातं. मेलेल्याने एकच सांगायचं: मारणारा कुठे होता आणि त्याचं किती रक्त उरलंय. मग राउंड संपेपर्यंत गप्प. हा नियम पहिल्यांदा तू पाळ. बाकीचे आपोआप पाळतील असं मी म्हणत नाही, पण निदान तू त्यांना सांगू तरी शकशील.

हरण्याबद्दलही एक गोष्ट डोक्यात पक्की असू दे. तुमची रँकची पद्धत मुळात बुद्धिबळातून आलेल्या कल्पनेवर चालते. अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन प्राध्यापकाची ती गुणपद्धत. जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. दोन खेळाडूंच्या गुणांवरून कोण जिंकण्याची शक्यता किती, हे ती सांगते. ऑनलाइन गेम हे गणित जोड्या लावायला वापरतात आणि शक्यतो तुमच्याच तोलामोलाचा संघ समोर आणतात. त्याचा अर्थ असा की तुम्ही कितीही सुधारलात तरी लांब पल्ल्यात जवळपास निम्म्या मॅच हरणार. यंत्रणा बिघडली म्हणून नव्हे, नीट चालली म्हणून. रात्र चांगली गेली की वाईट हे तुम्ही रँकवर ठरवत असाल तर निम्म्या रात्री वाया गेल्याच्या भावनेने झोपणार. त्यात 'एवढी जिंकून झोपू' म्हणत रात्रीचे दोन वाजवणं आलं, आणि दुसऱ्या दिवशी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये डुलक्या घेणाऱ्या तुमच्या मैत्रिणीने पुढच्या बुधवारी 'बघतो' ऐवजी 'बघते' लिहिणं आलं. दोन मॅच, फार तर तीन. हरलेल्या मॅचवर थांबता आलं पाहिजे.

आणि थांबल्यावर लगेच पळू नका. हॉस्टेलवर मॅच संपली की आम्ही टपरीवर चहाला जायचो आणि खरी मॅच तिथे व्हायची. कोणी कोणाला मागून गाठलं, कोण कसा बोंबलला, याच्या कथा पुढे आठवडाभर पुरायच्या. तुमच्याकडे 'जीजी, चलो बाय' आणि एकेक दिवा विझतो. दहा मिनिटं डिस्कॉर्डवर रेंगाळा. गेमबद्दल बोलायलाच हवं असं नाही. म्युनिकवाल्याने भाकरी करायचा प्रयत्न केला त्याचं काय झालं, ते विचारा.

पबजी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली तेव्हा तू बारावीत होतास ना? माझ्या भाच्याच्या चौघांच्या स्क्वॉडने त्या आठवड्यात जणू सुतक पाळलं. रँक गेली, स्किन गेल्या, जमवलेलं सगळं गेलं. मग त्यांनी कॉल ऑफ ड्यूटी करून बघितलं, अमंग असमध्ये एकमेकांवर खोटे आळ घेतले, काही रात्री तर नुसता लुडो. २ जुलै २०२१ ला बीजीएमआय, म्हणजे पबजीचाच भारतातला अवतार, आला तेव्हा ते चौघं तसेच्या तसे परत उतरले. २०२२च्या जुलैत तोही स्टोअरवरून गायब झाला आणि पुढच्या मे महिन्यात परतला, तेव्हाही तेच. ओळखीतली दुसरी एक टोळी नुसती कॉन्करर ही सगळ्यात वरची रँक गाठायला एकत्र आली होती. ती पहिल्याच बंदीत फुटली.

म्हणूनच तुझ्या टूर्नामेंटच्या बक्षिसाबद्दल मला शंका आहे. १९७१ मध्ये एडवर्ड डेसीने विद्यार्थ्यांना लाकडी तुकड्यांची कोडी सोडवायला दिली. काहींना मध्ये एका सत्रात सुटलेल्या कोड्यामागे एक डॉलर दिला, पुढच्या सत्रात पैसे बंद केले. मोकळ्या वेळात ती कोडी हातात घेण्याचं त्यांचं प्रमाण घसरलं. ज्यांना कधीच पैसे मिळाले नव्हते त्यांचं तसं झालं नाही. टूर्नामेंट जरूर खेळा, पण ती तारीख म्हणून वापरा. 'सहा आठवड्यांनी आपली मॅच आहे, तोवर असेंट आणि बाइंड हे दोन नकाशे बसवायचे' एवढं पुरे. बक्षिसाची वाटणी कशी करायची हे आत्ताच बोलायला लागलात तर पहिला प्रश्न येईल की नाशिककराच्या जागी तुझा तो डायमंडच्याही वरच्या इमॉर्टल रँकवाला ऑफिसमित्र घ्यायचा का. तो प्रश्न एकदा ग्रुपवर लिहिला गेला की पुसता येत नाही.

तुमच्यातल्या पाचव्याला, स्पर्धा परीक्षावाल्याला, सध्या सोड. पूर्वपरीक्षा होईपर्यंत त्याला टॅग करू नकोस, 'भाई, एकच मॅच' तर मुळीच नको; रँक्ड मॅच मध्येच सोडता येत नाही आणि त्याची आई चाळीस मिनिटं दाराशी उभी राहणार नाही. ग्रुपमधून मात्र काढू नका. त्याची जागा तोवर कोणी भरली तर येणाऱ्याला स्पष्ट सांगा की ही जागा परीक्षेपर्यंत आहे. नंतर अवघडलेपण नको.

म्युनिकचं घड्याळ लक्षात ठेव. आत्ता आपले रात्रीचे दहा म्हणजे त्याचे संध्याकाळचे साडेसहा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडचे काटे एक तास मागे जातात, मग आपल्या दहाला त्याचे साडेपाचच वाजलेले असतील आणि तो लायब्ररीत किंवा ट्राममध्ये असेल. तेव्हा तो 'यायचाच बंद झाला' असं म्हणण्याआधी वेळ अकरा करता येते का ते हिंजवडीवालीला विचार. तिला जमणार नसेल तर शनिवार त्याचा आणि बुधवार त्याच्याशिवाय. पिंगबद्दल, म्हणजे त्याचा सिग्नल उशिरा पोचतो त्याबद्दल, त्याला चिडवणं बंद करा. मुंबईच्या सर्व्हरवर तिकडून खेळायचं म्हणजे तो तुमच्यासाठीच सोसतोय.

नाशिककराला आज फोन कर. मेसेज नको, फोन. ब्रिमस्टोनचं बोल, आणि चौघं असलो तर रँक नाही हे त्याला तुझ्या तोंडून कळू दे. या बुधवारी पाचवा कमी पडला तर मला सांग, मी येईन. माझा हात आता पूर्वीसारखा चालत नाही, तेव्हा स्विफ्टप्लेच लावा, आणि मी मेल्यावर मला काही सांगायला जाऊ नकोस.

तुझा,
काका