आठ दिवसांची रजा आणि पहिल्यांदाच स्कीइंग : नागपूरहून गुलमर्गला जावं की औलीला?

चौघं जण, त्यात दहा आणि चौदा वर्षांची मुलं, फेब्रुवारीतले आठ दिवस, आणि स्कीवर आजवर कोणीच उभं राहिलेलं नाही. एवढ्या माहितीवर 'गुलमर्ग की औली?' असं तुम्ही विचारलंत, माझं उत्तर गुलमर्ग. पण सगळे ज्यासाठी गुलमर्ग सुचवून राहिलेत, त्या गोंडोलासाठी, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या बंद डब्यांच्या रोपवेसाठी, नाही. नवशिक्याला त्या गोंडोलाचा जवळजवळ काहीच उपयोग नसतो.

आधी दिवस मोजा. औली उत्तराखंडच्या गढवालात आहे. तिच्यासाठी नागपूरहून दिल्ली रात्रीच्या गाडीने, मग हरिद्वार, आणि तिथून औलीच्या पायथ्याचं जोशीमठ साधारण पावणेतीनशे किलोमीटर. हा सगळा घाटरस्ता आहे. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग करत दहा-अकरा तास लागतात, म्हणून हरिद्वारहून पहाटेच निघावं लागतं. जाताना तीन दिवस, येताना तीन. बर्फावर उरले दोन. डेहराडूनपर्यंत विमानाने गेलात तरी जास्तीत जास्त चार होतील. गुलमर्गला मात्र सकाळी नागपूर-दिल्ली, दुपारी दिल्ली-श्रीनगर अशी विमानं धरली, तर दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं स्कीवर असतात. श्रीनगर ते गुलमर्ग पन्नासेक किलोमीटरच आहे. पाच दिवस मिळतात, आणि स्की शिकण्यात सगळा खेळ तासांचा आहे. पहिला दिवस पडण्यात जातो, दुसरा थांबायला शिकण्यात. मजा तिसऱ्या दिवसापासून.

कटऱ्याहून श्रीनगरला जून २०२५ पासून वंदे भारत सुरू झालीय, तीन तासांत पोचवते. पण नागपूर-कटरा प्रवासालाच दीडेक दिवस जातो. आठ दिवसांत ते बसत नाही.

आता बर्फ. दोन्हीकडे तो पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वाऱ्यांवर अवलंबून असतो. काश्मीर त्यांच्या वाटेत आधी येतं, गढवालपर्यंत पोचेस्तोवर जोर बराच ओसरलेला असतो. औलीला बर्फाअभावी राष्ट्रीय स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्यात. गुलमर्गचीही हमी नाही. जानेवारी २०२४ मध्ये जवळजवळ पूर्ण महिना तिथे गवत दिसत होतं, आणि २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीऐवजी मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. म्हणून १० ते २५ फेब्रुवारी धरा, हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या आणि निघायच्या आठवडाभर आधी हॉटेलवाल्याकडून त्या दिवशीचा व्हिडिओ मागवा.

गुलमर्गला साधारण २,६५० मीटरवर बशीसारखं पठार आहे, आणि नवशिक्यांचे उतार तिथेच, गोंडोलाच्या खालच्या स्टेशनाजवळ आहेत. वर नेणारी लिफ्ट म्हणजे फिरत्या दोरीला काठीने लटकलेली चकती. ती दोन पायांमध्ये घ्यायची, पण तिच्यावर बसायचं नाही. बसलात की काठी लांबते आणि तुम्ही जमिनीवर. गुडघे किंचित वाकवून, स्की समांतर ठेवून उभं राहायचं, ओढायचं काम ती करते. पहिल्या दिवशी निम्मे लोक इथेच पडतात.

गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत जातो, तो मुलांना दाखवायला चांगला. तिकीट ऑनलाइन आधीच काढून ठेवा. दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर साधारण ३,९५० मीटरला पोचवतो. तिथून खाली यंत्राने न दाबलेला बर्फ आणि हिमस्खलनाची भीती. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशाच स्खलनात एक परदेशी स्कीपटू गेला. 'वर नेऊन स्की शिकवतो' म्हणणाऱ्याला हात जोडा. नागपूर आहे ३१० मीटरवर, त्यामुळे पहिल्या दिवशी डोकं जड होईल, तेव्हा पाणी पीत राहा.

गुलमर्गच्या घाटाखाली टंगमर्गला गाडी थांबली की भाड्याचे ओव्हरकोट आणि गमबूट घेऊन माणसं काचेला चिकटतात. स्कीचे बूट वर गुलमर्गला मिळतात, टंगमर्गला काही घेऊ नका. बर्फ पडत असेल तर मात्र पुढच्या घाटात चेन लावलेली गाडीच सोडतात, तिचे पैसे वेगळे ठेवा.

भाड्याचे बूट घेताना घाई नको. पायात मोजा एकच घाला, पातळ आणि लांब. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे हलका टेकला पाहिजे, गुडघे वाकवल्यावर तो सुटला पाहिजे, आणि टाच अजिबात उचलली जाता कामा नये. सैल बूट आरामशीर वाटतो, पण पाय वळवला तरी स्की वळत नाही. स्कीची लांबी हनुवटीपर्यंत बस. बूट स्कीला पकडणाऱ्या बाइंडिंगवर आकडे असतात. ते तुमचं वजन, उंची आणि वय विचारून तुमच्यासमोर लावून घ्या. आकडा जास्त असला तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. मुलांच्या बाबतीत हे दुकानदार हमखास विसरतात. बूट 'खट' करून बसला नाही, तर तळाला बर्फ चिकटलेला असतो. स्कीच्या काठीने खरवडा, मग पाय ठेवा.

नागपुरात बर्डीच्या बाजारातलं जाड जॅकेट चालेल, जीन्स नाही. ती भिजते आणि तासाभरात पोरं रडकुंडीला येतात. वॉटरप्रूफ पँट आणि हातमोजे घ्याच. गॉगल कपाळावर चढवू नका, घामाच्या वाफेने आतून धुकं धरतं.

मोबाइल पोस्टपेड हवा, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही. परतीला श्रीनगरहून निघाल्यावर त्याच संध्याकाळचं दिल्ली-नागपूर वेगळं तिकीट काढू नका. बर्फात किंवा धुक्यात श्रीनगरची विमानं तासन्तास अडकतात आणि दुसऱ्या तिकिटाचे पैसे बुडतात. एकाच बुकिंगमध्ये काढा, नाहीतर दिल्लीत एक रात्र धरा.

औली वाईट नाही. तिथला मोठा उतार जवळपास तीन किलोमीटरचा आहे, समोर नंदादेवी दिसते, आणि गढवाल मंडल विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे वर्ग साहित्यासकट असतात. तेरा दिवसांची रजा असती तर मी त्या सात दिवसांच्या वर्गाला पाठवलं असतं. मात्र जोशीमठची जमीन खचल्यावर, जानेवारी २०२३ मध्ये, खालून येणारा रोपवे बंद झाला. त्यामुळे वर जायला रस्ताच धरून चाला, आणि वरची चेअरलिफ्ट चालू आहे का, हे निघण्याआधी फोन करून विचारा. ती बंद असली, की स्की खांद्यावर घेऊन उतार चढायचा, आणि दहा वर्षांचं पोर ते दोनदाच करतं.