क्रमांक सगळ्यात शेवटी बदल
विधेयकाच्या मसुद्यात सॉफ्टवेअरने दुरुस्त्या लावताना पहिली चूक हमखास क्रमांकांची होते. कलम ५ वगळलं, प्रोग्रामने लगेच ६ चं ५ केलं, की पुढची ‘कलम ६ मध्ये’ म्हणणारी दुरुस्ती भलत्याच मजकुरावर बसते. म्हणून प्रत्येक कलमाला न बदलणारी वेगळी ओळख दे. कायद्याचे दस्तऐवज संगणकाला वाचता येतील असे लिहायची पद्धत म्हणजे अकोमा एन्टोसो; ती २०१८ साली ओएसिस या तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक झाली. तिच्यात ही सोय आहे, ती नीट वाच.

‘करू शकेल’ऐवजी ‘करील’ घालायचंय आणि पोटकलमात ते शब्द दोनदा आलेत? सॉफ्टवेअरला अंदाज करू देऊ नकोस, थांबून माणसाला विचारू दे. एवढ्याशा फरकाने ऐच्छिक गोष्ट सक्तीची होते रे! एकाच वाक्यावर दोन दुरुस्त्या आल्या तरी हेच. मूळ मसुदा मात्र कायम जपून ठेव.