वाचकांचे प्रश्न : ‘फॅनी’ आणि चौघींचा रॉक

प्रश्न : फक्त मुलींचा पहिला रॉक बँड कोणता? कुठे ‘फॅनी’चं नाव वाचायला मिळतं, कुठे ‘गोल्डी अँड द जिंजरब्रेड्स’चं. (सातारा)

उत्तर : पहिला कशात, यावर उत्तर बदलतं. मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार आधी झाला तो जिंजरब्रेड्सचा, १९६३ मध्ये डेकाशी आणि पुढच्या वर्षी अटलांटिकशी. पण त्यांच्या वाट्याला सुट्या सिंगल्सच (एकेका गाण्याच्या तबकड्या) आल्या. ‘कॅन्ट यू हिअर माय हार्टबीट’ १९६५ मध्ये इंग्लंडात पंचविसाव्या क्रमांकापर्यंत गेलं. अमेरिकेत मात्र तेच गाणं ‘हर्मन्स हर्मिट्स’नी आधी बाजारात आणलं, ते दुसऱ्या क्रमांकावर पोचलं आणि या चौघींची वाट बंद झाली.

मोठ्या कंपनीसाठी आख्खी एलपी (अनेक गाण्यांची मोठी तबकडी) करणारा पहिला बँड मानला जातो तो फॅनी. त्यांची पहिली एलपी १९७० च्या डिसेंबरात रिप्राइज कंपनीने काढली. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. सिंगल एका गाण्यावर चालते. एलपीसाठी दहाबारा गाणी लागतात, आणि बँडला स्वतःचं काही सांगायचं आहे की नाही ते तिथे कळतं.

प्रश्न : फॅनीत कोण कोण होत्या? आणि बँड इतक्या लवकर का मोडला? (पुणे)

उत्तर : जून आणि जीन मिलिंग्टन या बहिणी मनिलात जन्मल्या. आई फिलिपिनो, वडील अमेरिकन नौदलातले. १९६१ मध्ये कुटुंब कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोला आलं. दोघी आधी युकुलेली वाजवत, मग गिटारकडे वळल्या आणि पुढे जीनने बेस उचलला. शाळकरी वयातला त्यांचा बँड ‘द स्वेल्ट्स’. त्याचा पुढे ‘वाइल्ड हनी’ झाला. १९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘ट्रुबाडूर’ क्लबमध्ये निर्माता रिचर्ड पेरी यांच्या सेक्रेटरीने त्यांना ऐकलं आणि रिप्राइजचा करार झाला. ड्रम्सवर अ‍ॅलिस डी बूर, कीबोर्डवर निकी बार्कले. गाणी चौघी लिहीत आणि गातही.

‘चॅरिटी बॉल’ १९७१ मध्ये बिलबोर्डवर (अमेरिकेतली लोकप्रिय गाण्यांची यादी) चाळिसाव्या क्रमांकावर गेलं. तरी कंपनीला त्या अप्रूप म्हणूनच विकायच्या होत्या. ‘फॅनी’ म्हणजे अमेरिकन बोलीत पार्श्वभाग, आणि इंग्लंडात त्याहून अश्लील अर्थ; जाहिराती त्याच श्लेषावर बेतलेल्या. चमचमत्या तोकड्या पोशाखांचा आग्रह होता तो वेगळाच. १९७३ च्या ‘मदर्स प्राइड’नंतर जून बाहेर पडली, अ‍ॅलिसही. नव्या माणसांसह १९७४ मध्ये पाचवी एलपी निघाली. दैव असं की त्यातलं ‘बटर बॉय’ १९७५ मध्ये एकोणतिसाव्या क्रमांकावर गेलं, त्यांचं सर्वांत यशस्वी गाणं ठरलं, तेव्हा बँड उरलाच नव्हता.

ऐकायला ‘फॅनी हिल’पासून (१९७२) सुरुवात करा. लंडनच्या अ‍ॅपल स्टुडिओत, बीटल्सचे ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांच्या हाताखाली ती झाली. त्यानंतर जर्मन टीव्हीवरच्या ‘बीट-क्लब’चं १९७१ चं चित्रीकरण नक्की पाहा. तिथे हात दिसतात, आणि वाजवणाऱ्या त्याच आहेत याबद्दल शंकेला जागा राहत नाही.

प्रश्न : फॅनीच्या ‘एन्ट दॅट पिक्युलिअर’मधली जूनची स्लाइड गिटार ऐकून मी प्रयत्न केला. तारा खडखडतात, सूरही थोडा उतरलेला लागतो. (कोल्हापूर)

उत्तर : सूर उतरतो कारण तुम्ही नळी (बोटात घालून तारांवरून सरकवायची ती स्लाइड) दोन फ्रेटच्या, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्यांच्या, मधोमध ठेवत असाल, बोटाने तार दाबतो तशी. स्लाइडमध्ये नळी फ्रेटच्या धातूच्या पट्टीच्या बरोबर वर यायला हवी, तारेला फक्त टेकलेली. दाबलीत की तार फ्रेटला लागते आणि खडखड सुरू होते. नळी करंगळीत घाला आणि मागची दोन बोटं तारांवर हलकी टेकवून ठेवा. नळीच्या मागच्या बाजूला तार थरथरते, ती त्यानेच शांत होते. उजव्या हाताची मोकळी बोटंही न वाजणाऱ्या तारांवर ठेवा. बहुतेकांचं इथेच अडतं.

एवढं करूनही खडखड राहिली तर तारा फार खाली असतील. बाराव्या फ्रेटवर सुमारे अडीच मिलिमीटर उंची ठेवा आणि पहिली तार ०.०११ इंचाची घ्या. नऊच्या (०.००९ इंची) तारा नळीखाली लगेच वाकतात.

ट्यूनिंग ओपन डी करा, म्हणजे तारा न दाबता छेडल्या तरी डी कॉर्ड वाजते : जाड तारेकडून डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. यात सहावी, दुसरी आणि पहिली तार एकेक पूर्ण स्वर उतरते, तिसरी अर्धा. पाचवी व चौथी तशाच. ओपन ईमध्ये उलट पाचवी, चौथी आणि तिसरी चढवाव्या लागतात, त्यामुळे गिटारच्या मानेवर ताण येतो आणि जुन्या तारा तुटतात. आधी एकाच तारेवर पाचव्या फ्रेटवरून सातव्यावर जा, तिथे थांबा, आणि तो सूर बोटाने दाबून वाजवलेल्या सुराशी ताडून पाहा. दोन्ही जुळले की मगच कंप द्यायला घ्या.