काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचू नकोस

गरोदर बायकांच्या ओपीडीत नवी आहेस, म्हणून सांगते. मागे रांग असते, सासूबाई शेजारीच उभ्या असतात. वजन गुपचूप कार्डावर लिही आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते, काढ. आपल्याकडे 25 पासूनच स्थूल धरतात, 30 ची वाट बघू नकोस.

‘वजन जास्त आहे’ म्हटलं की बाई मान डोलावते आणि जाते. त्यापेक्षा वारेबद्दल, म्हणजे प्लॅसेंटाबद्दल बोल. बाळाचं जेवण, प्राणवायू सगळं वारेतूनच जातं. स्थूलपणात शरीरात एक बारीक, न दिसणारी दाहाची स्थिती असते, ती वारेतही दिसते. वारेला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या नीट रुंदावल्या नाहीत, तर पुढे बीपी चढू शकतं. आईच्या रक्तातली जादा साखर मात्र वारेतून बिनदिक्कत पलीकडे जाते नि बाळ फुगतं. वार आकाराने मोठी असली म्हणजे काम चोख करते असं नाही, हे मला शिकायला वर्षं लागली.

साखरेची तपासणी पहिल्या भेटीत, मग 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा: 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायला द्यायचं, दोन तासांनी रक्तातली साखर 140 मिग्रॅ/डेसिलि किंवा जास्त आली तर डॉक्टरांकडे. पहिली नॉर्मल आली म्हणून दुसरी बुडवणाऱ्या पुष्कळ!

उपाशी राहायला मात्र सांगू नकोस. कोथरूडची एक जण रात्रीची भाकरी सोडून चहा-खारीवर राहिली होती. मी आता आधी विचारते, ‘दिवसात चहा किती वेळा गं? साखर किती चमचे?’