क्लासचं राहू दे, आधी तू चप्पल काढ

लेका,

तुझा मेसेज वाचला. पोरगं चार वर्षाचं झालं, दिवसभर मोबाईल घेऊन बसायलंय, स्केटिंगला घालू का कराटेला, असं विचारायलास. क्लासचं नंतर बघू, आधी मला सांग, तू स्वतः शेवटचा कधी पळलास? एसटी धरायला पळलास ते धरू नको.

मी इतकी वर्षं शाळेत पीटी शिकवली पण घरच्या लेकराच्या बाबतीत चुकलोच. थोरल्याला पाचव्या वर्षी ग्राउंडवर नेलं, माझ्या गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच, मार चक्कर म्हणलं आणि मी आपला लिंबाखाली उभा. महिनाभरात ग्राउंडचं नाव काढलं की त्याचं पोट दुखायला लागलं. धाकटीच्या वेळेस शिट्टी खुंटीलाच ठेवली आणि तिच्यासंग शिवणापाणी खेळलो, माझ्यावर डाव आला की ती अशी काही ओरडायची की शेजारचे बघायला यायचे.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ ला पाच वर्षाखालच्या लेकरांचा हिशेब दिलाय, तीन-चार वर्षाच्या लेकरानं दिवसात १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली निदान ६० चांगला दम लागंल अशी, आणि स्क्रीनसमोर बसणं एका तासाच्या आत, कमी तितकं बरं. १८० ऐकून घाबरू नको, ते सलग नसतंय. लेकरू पळतंय, मुंगी दिसली की बसतंय, परत पळतंय, त्याचं असंच असतंय, आपल्यासारखं एका चालीत तासभर चाल म्हणलं तर ते रडणारच की.

नळ आला की त्याच्या हातात तांब्या दे आणि तुळशीपर्यंत चकरा मारू दे, अर्धं पाणी सांडंल, सांडू दे (आपल्याकडं पाणी कधी येतंय ते मलाही माहीत आहे, म्हणून तांब्या छोटा दे). अंगणवाडी अर्धा किलोमीटरवर आहे आणि तू गाडीवर सोडायलास, का रे? दहा मिनिटं आधी निघ. लंगडी आत्ता कुठं जमायला लागंल, चार उड्या मारून पडंल, त्यात तू पण लंगडी घाल आणि पड. टेनिस बॉल झेलायला लावू नको, हातातनं सुटून तोंडावर बसतो आणि मग बॉलचीच भीती बसती, त्यापेक्षा जुन्या मोज्यात चिंध्या कोंबून चेंडू कर.

एक मात्र ध्यानात ठेव, मनगटाला धरून गरगरा फिरवायचं नाही, पाच वर्षाखालच्या लेकराचं कोपराचं हाड त्या हिसक्यानं सरकतंय, मी असं झालेलं डोळ्यानं बघितलंय. फिरवायचंच तर काखेत धरून फिरव.

उन्हाळ्यात आपल्या परभणीत दुपारी बाहेर काढायचा विचारच करू नको. सकाळी आठच्या आत, नाहीतर संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून, ती जरा निवली की. दुकान बंद करून तू नऊला येतोस, थकलेला असतोस, कबूल, मग सकाळ धर. आणि ह्यात तुझं पण काम होतंय, मोठ्या माणसाला आठवड्याला निदान १५० मिनिटं सांगितलीत, पोरामागं पळलास तर जिमचे पैसे वाचतील. सूनबाईला पण घे, तिनं नुसते डबे भरून गच्चीच्या जिन्यात बसायचं असं नाही, आमच्या हिनं साडी खोचून सुरपाट्या खेळल्यात.

थंडी पडली की देवगिरीच्या किल्ल्यावर घेऊन जा. चांद मिनारपर्यंत पोरगं सहज चालंल, पुढं चढ लागतो, मग कुरकुर करंल, तिथनं परत फिर. वरपर्यंत नेलंच पाहिजे असं काही नाही, वरच्या अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत, तर मोठी माणसं पण एकमेकांचा हात धरतात.

ह्या रविवारी मी कृषी विद्यापीठाच्या रोडवर सव्वासहाला असतो. पोराला घेऊन ये, दूध जास्त पाजू नको, आणि मोबाईल तुझा पण घरी ठेव.