चार महिने झाले, करंगळीमागचं हाड जुळेना

प्रश्न : ताई, मी जळगावची, वय 22. पुण्यात बॅले शिकत होते, सोबत लहान मुलींचे क्लासपण घ्यायचे. रिलेव्हेवरून, म्हणजे टाचा उचलून चवड्यावर उभं राहून, उतरताना पाय बाहेरच्या बाजूला मुडपला आणि पाचव्या मेटाटार्सलला फ्रॅक्चर झालं. आधी प्लास्टर, मग तो मोठा बूट. दीड-दोन महिन्यात चालशील असं सांगितलं होतं, आता चार महिने होऊन गेले तरी एक्सरेत रेघ दिसतेच आणि चाललं की दुखतं. रूम सोडून घरी आलेय. आत्या म्हणते गावाकडच्या हाडवैद्याकडे चल, तो चोळून बसवतो. पप्पा म्हणतात पुरे झालं, बी.एड. कर. आणि रोज कोणी ना कोणी येऊन "तुना पाय कसा शे?" विचारतं, मला तिथंच रडू फुटतं. जूनमध्ये ऑडिशन आहे. पॉइंट शूज, बोटांच्या टोकावर नाचायचे ते, कधी घालू शकेन तेवढं सांगा.

उत्तर : तारीख मी देणार नाही, आणि खरं सांगू का, जी कोणी एक्सरे न बघता देईल तिच्यावर विश्वास ठेवू नकोस. पण तू जे सांगितलं नाहीस ते आधी शोध, म्हणजे हाड नेमकं कुठं मोडलंय. पाचवं मेटाटार्सल हे तळव्याच्या बाहेरच्या कडेचं लांब हाड, आणि त्यावर जागेप्रमाणे सगळं गणित बदलतं. करंगळीच्या जवळ दांड्यावर तिरपं, पिळवटून मोडलं असेल तर त्याला डान्सर्स फ्रॅक्चरच म्हणतात, ते बहुतेक वेळा ऑपरेशनशिवाय जुळतं. अगदी मागचं टोक ओढलं जाऊन तुटलं असेल तर तेही साधारण दीड-दोन महिन्यात मार्गी लागतं. त्रास देतो तो या दोघांच्या मधला, टोकापासून थोडा पुढचा तुकडा, जोन्स फ्रॅक्चर. रॉबर्ट जोन्स नावाच्या इंग्लंडमधल्या सर्जनने 1902 मध्ये ते लिहून ठेवलं आणि गंमत म्हणजे स्वतः नाचताना त्याचंच हाड तिथं मोडलं होतं, त्यामुळे तू एकटी नाहीस. तिथं रक्ताचा पुरवठाच कमी, दोन्हीकडून येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तिथं जेमतेम पोचतात, आपल्या गिरणेच्या पाटाचं पाणी शेवटच्या शेताला पोचतं ना, तसं. म्हणून उशीर होतोय तो तुझ्या आळसाने किंवा नशिबाने नाही.

चार महिन्यांनी रेघ दिसतेय आणि दुखतंय, म्हणजे आता नुसतं "अजून महिनाभर बघू" पुरणार नाही. पायाच्या हाडांचं काम रोज करणाऱ्या ऑर्थोपेडिक सर्जनचं दुसरं मत घे, जुने सगळे एक्सरे तारखेने लावून घेऊन जा आणि सीटी स्कॅन लागेल का ते विचार, कारण साध्या एक्सरेत हाड किती भरलंय ते नीट कळत नाही. जोन्स असेल तर आतून स्क्रू टाकायचा पर्याय खेळाडू-डान्सर लोकांना बऱ्याचदा लवकरच सुचवला जातो, तो ऐकून घाबरू नको, पण घाईपण करू नको. फायदे-तोटे लिहून विचार.

हाडवैद्याबद्दल आत्याला दुखवायचं नसेल तर माझं नाव सांग. न जुळलेलं हाड चोळलं तर जुळायला लागलेलं सुटू शकतं. आणि कोणी बिब्बा घालायचा म्हटलं तर तिथून सरळ ऊठ, बिब्ब्याने कातडी भाजून फोड येतात, मग ऑपरेशन करायचं ठरलं तरी जखम बरी होईपर्यंत थांबावं लागतं.

आता एक प्रश्न जो तुला कोणी विचारला नसेल. पाळी वेळेवर येते का? जेवतेस किती? बॅलेत बारीक दिसायचं प्रेशर असतं हे मला माहीतेय, आणि शरीराला खर्चापेक्षा कमी मिळालं की पाळी थांबते, हाडं कच्ची पडतात, फ्रॅक्चर जुळायला वेळ लागतो. ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये याला रेड-एस असं नाव दिलं. तीन महिने पाळी नाही असं असेल तर ते सर्जनला आणि स्त्रीरोगतज्ज्ञाला दोघांना सांग, लाजू नको. घरी आलीच आहेस तर कळण्याची भाकरी, भरीत, वरण, दूध, तीळ हे पोटभर खा. नागलीत 100 ग्रॅममागे साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तिची पेज घे, चव आवडली नाही तर गूळ टाक. व्हिटॅमिन डी तपासून घे. इथं मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो म्हणून सगळ्यांना वाटतं डी भरपूर असेल, पण आपण दुपारभर पडदे लावून घरात आणि बाहेर पडलो तरी नखशिखांत स्कार्फ, उन्ह लागणार कुठून. रिपोर्ट 20 च्या खाली आला तर कमतरता आहे असं धरतात, गोळीचा डोस डॉक्टरच ठरवतील. आणि पेनकिलर खाऊन बॅरे, म्हणजे दांडा धरून करायचा सराव, करायचं नाही, दुखणं झाकलं की तू नको तेवढा भार टाकणार.

मधल्या काळात काय करायचं, हा तर मोठा प्रश्न. पायावर भार नाही म्हणजे डान्स नाही असं समजू नको. पाठीवर, कुशीवर पडून टर्नआउट (खुब्यातून पाय बाहेर वळवणं), हिप, पोटाचं काम करता येतं, फ्लोअर बॅरे (जमिनीवर पडून केलेला बॅरे) त्यासाठीच आहे, पिलाटेसचे व्यायामपण त्यासाठीच, न्यूयॉर्कमध्ये बॅले बसवणारा बॅलांचिन आपल्या डान्सर्सना ते व्यायाम काढणाऱ्या जोसेफ पिलाटेसकडे पाठवायचा. फक्त दुखऱ्या पायाला काय चालेल ते फिजिओला दाखवून घे. आणि डोक्यात नाच. क्युबाच्या बॅलेरिना अलिसिया अलोन्सोच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पट्टी बांधून महिनोन्‌महिने पडून होती, तेव्हा तिने 'जिझेल' या बॅलेची सगळी स्टेप्स बोटांनी पलंगावर करून पाठ केली आणि 1943 मध्ये आयत्या वेळी दुसऱ्या बॅलेरिनाच्या जागी तोच रोल केला. (घरचे तुला कृत्रिम पायावर नाचणाऱ्या सुधा चंद्रनचंच उदाहरण देणार, दररोज देणार, ऐकून सोडून द्यायचं. त्यांना दुसरं नाव माहीत नसतं.)

पॉइंट शूज शेवटी येतात. आधी दाबून दुखायला नको, मग बिनबुटाचं चालणं, मग दोन पायांवर रिलेव्हे, मग एका पायावर, वीस-पंचवीस सलग, दुखल्याशिवाय आणि दुसऱ्या पायाइतके. मग बॅरे, मग दांडा सोडून मधोमध म्हणजे सेंटर, मग छोट्या उड्या. पॉइंट त्यानंतर. दर पायरीवर दुसऱ्या दिवशी सकाळी पाय कसा आहे ते बघ, सुजला किंवा ठणकला की एक पायरी मागे ये. रिलेव्हेत वजन करंगळीकडे कलतं का, म्हणजे सिकलिंग होतं का, हे शिक्षिकेला बघायला सांग, नाहीतर हाड जुळेल आणि परत तिथंच ताण येईल. घरच्या फरशीवर उड्या अजिबात नकोत, फरशी जराही दबत नाही. जूनची ऑडिशन? मला नाही वाटत. फॉर्म भरायचा तर भर, पण पुढच्या वर्षीचाही शोधून ठेव. बी.एड.चं पप्पांना "आत्ता ठरवत नाही" एवढंच सांग, ते खरंपण आहे. पायाबद्दल विचारणाऱ्यांना मात्र एक ठरलेलं वाक्य देऊन मोकळी हो, "जुळतंय, वेळ लागतोय", आणि त्यांना चहा पाज.

प्रश्न : धुळ्याहून लिहितेय. माझी मुलगी 16 वर्षांची, कथक करते. तीन आठवडे तळव्याच्या वरच्या बाजूला एकाच जागी दुखतंय, एक्सरे नॉर्मल आला. गुरूजी म्हणतात सराव कमी पडतोय, ततकार (पाय आपटून करायचं काम) वाढव. काय करू?

उत्तर : ततकार आजपासून बंद. एका बोटाने दाखवता येतं असं दुखणं आणि नाचल्यावर वाढणारं, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, सततच्या ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर, असू शकतं आणि ते सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्सरेत बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसतं. ऑर्थोपेडिककडे परत जा आणि नॉर्मल रिपोर्टवर समाधान मानू नका. गुरूजींना वाद न घालता डॉक्टरची चिठ्ठी दाखवा. पढंत (बोल म्हणणं), हस्तक (हातांच्या हालचाली), तालाचं काम बसून चालू राहू दे, त्याला ते नाही म्हणणार नाहीत.