वाचक विचारतात: मेलेले सैनिक तुरुतुरु का चालतात?

प्रश्न (देवगड): वाचनालयात फ्रेंच दिग्दर्शक आबेल गान्सचा पहिल्या महायुद्धावरचा मूकपट 'जाक्यूज' (१९१९) दाखवणार आहोत. मेलेले सैनिक उठून गावाकडे निघतात तो प्रसंग लावून पाहिला, तर पोरं हसायला लागली. बाहुल्यांसारखे तुरुतुरु चालतात. काय करावं?

उत्तर: पोरांना बोल लावू नका, घोळ वेगाचा आहे. तेव्हा कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवत. एका फेऱ्यात ८ चौकटी (फिल्मवरची एकेक चित्रं), सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १६. कधी कधी १८-२०ही. सोळानं घेतलेली फिल्म २४ नं चालवली की माणूस दीडपट वेगानं पळणारच. १,००० फुटांचं ३५ मिमीचं रीळ १६ नं जवळजवळ १७ मिनिटं चालतं, २४ नं जेमतेम ११.

सैनिक कूच करत असल्याचं एखादं दृश्य काढा आणि १० सेकंदांत पावलं मोजा. वीसेक भरली तर चाल नेहमीची आहे, काही करू नका. दुरुस्त करून काढलेल्या नव्या प्रतींत वेग बहुधा जुळवलेलाच असतो. सत्तावीसच्या आसपास भरली तर प्लेअरचा वेग ०.७५ ठेवा, तीस भरली तर ०.६७. वेग उतरला की सोबतचं संगीत रेंगाळतं, म्हणून आवाज बंद करून दशावतारातला पेटीवाला बसवा. झांज मात्र नको. मेलेले उठतात त्या प्रसंगातले बरेचसे लोक फ्रान्समधल्या व्हर्दनच्या आघाडीवरून रजेवर आलेले खरे सैनिक होते आणि रजा संपल्यावर पुन्हा तिकडेच गेले. तिथं पेटीचा एक खालचा सूर धरून ठेवला तरी पुरे.

चित्र ४:३ आहे, पडदाभर ताणू नका, माणसं बसकी दिसतात. मधल्या पाट्यांचा मराठी मजकूर आधी लिहून एकानं मोठ्यानं वाचावा. आणि कार्यक्रम मिरगाआधी उरका. पत्र्यावर सर आली की पेटी कोण ऐकणार!

प्रश्न (मालवण): पहिल्या महायुद्धाआधी असे युद्धविरोधी चित्रपट निघाले होते का?

उत्तर: हो. फ्रेंच दिग्दर्शक आल्फ्रेड माशँचा 'मोदीत स्वा ला गेर', म्हणजे 'धिक्कार असो युद्धाचा', १९१४ मध्ये युद्ध पेटण्याआधीच पडद्यावर आला. त्यातली विमानं-बलून जळतानाची लाल आग साच्यानं रंगवलेली आहे. प्रत्येक रंगाला वेगळी कापलेली फिल्म लागे. म्हणून कृष्णधवल प्रत घेऊ नका. त्याच साली डेन्मार्कमध्ये शांततावादी ऑस्ट्रियन लेखिका बेर्था फॉन झुटनर यांच्या कादंबरीवर चित्रपट झाला, पटकथा पुढे दिग्दर्शक म्हणून गाजलेल्या कार्ल ड्रायरची. व्हिएन्नाच्या शांतता परिषदेत तो दाखवायचा बेत होता. जुलैअखेर युद्ध पेटलं आणि परिषदच भरली नाही.